चार्ज देताना

कपाटाची किल्ली जरा वर उचलून फिरवायची.
हे आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्या आत आहे:
एकोणीसशे अकरापासूनची इतिवृत्तं,
त्यातली शेवटची एकवीस वर्षं माझी.

कॅल्डर बेंड, सस्कॅचवान. लोकसंख्या एकशे बारा.
वेशीवरच्या पाटीवर अजून दोनशे चाळीस आहे.
पाटी बदलायचा विषय तीनदा आला.
तुमच्या मोठ्या कार्यालयात हसतील, मेलानी,
मी हसले नाही. तीनदा लिहिलं:
विषय तहकूब.

मला मत नव्हतं, हे नीट समजून घे.
टेबलाशी पाच सदस्य, सहावी खुर्ची माझी.
हात त्यांनी वर करायचे, मी मोजायचे.
कायदा काय म्हणतो ते सांगायचं,
एकदा, स्पष्ट, आवाज न चढवता,
आणि तरी त्यांनी चूक केलीच
तर ती चूकसुद्धा
शुद्ध भाषेत लिहून काढायची.

निळ्या फायलीत मेथोडी ऑनिस्को आहे.
तीन वर्षांची घरपट्टी थकली तेव्हा
नोटीस मीच पाठवली, रजिस्टर्ड.
तो पाकीट न फोडता माझ्याकडेच घेऊन आला,
चष्मा फुटलाय म्हणाला, वाचून दाखव.
मी माझंच पत्र त्याला वाचून दाखवलं,
'जप्ती' या शब्दाशी न अडखळता.
खाली सही कुणाची, त्याने विचारलं.
माझी.
वळणदार आहे, म्हणाला.
सूट दिली नाही. दिली असती
तर उरलेल्या एकशे अकरांशी खोटं बोलले असते.
हप्ते बांधून दिले, दर शुक्रवारी वीस डॉलर.
अजून दोन हप्ते राहिलेत. फोन तो उचलत नाही.
जाऊन ये. कुत्रा भुंकतो फक्त.

स्मशानभूमीच्या नकाशात चौथी रांग, नववी जागा
रिकामी दाखवलीय. विकू नकोस.
साथीच्या वर्षी तिथे एक तान्हं पुरलं,
नोंद करायला कारकून उरला नव्हता.
हे मला म्हाताऱ्या इर्मा शॅटकोव्स्कीने सांगितलं,
आता तीही सातव्या रांगेत आहे.
कागदावर नाही म्हणून नाही, असं
या नोकरीत मला एकदाच म्हणता आलं नाही.

आणि सभागृहाखाली स्कंक राहतो.
त्याच्यावर खर्च मंजूर आहे, धाडस नाही.

शेवटची सभा सव्वासातला सुरू झाली, बाहेर उणे एकतीस.
विषय एकच: गाव विसर्जित करून
तुमच्या ग्रामीण पालिकेत सामील करणे.
सूचक ग्लेनिस रॉथ्के. अनुमोदक कुणी होईना.
हीटरचा आवाज ऐकत बसलो सगळे.
लोर्नने माझ्याकडे पाहिलं,
पाइपलाइनचं कर्ज, दुरुस्तीचा अंदाज,
पाच वर्षांचा ताळेबंद,
सगळं माझ्याच हातचं होतं त्याच्यापुढे.
आकडे बरोबर आहेत ना, त्याने विचारलं.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, चुकले असते तर.
बरोबर आहेत, म्हटलं.

मग त्याने अनुमोदन दिलं.
पाच हात, फार उंच नाहीत.
मोजायचेत, जरा वर धरा, मी म्हणाले,
आणि त्यांनी धरले, शाळेतल्या पोरांसारखे.
सर्वानुमते मंजूर.
त्या शब्दात माझी नोकरीही गेली,
तिची वेगळी नोंद घ्यायची पद्धत नाही.

त्यानंतर खुर्च्या रचल्या. ग्लेनिसने कपबशा विसळल्या
आणि पाणी कसंसंच लागतंय म्हणाली.
म्हणून हे शेवटचं, आणि हे फायलीत नाही:
ठरावाने गाव संपतं, नळ संपत नाहीत.
पाण्याचा नमुना दर सोमवारी.
बस बंद झाल्यापासून रेजायनाला स्वतःच न्यावा लागतो,
दुपारच्या आत, बर्फाच्या पेटीत,
हो, जानेवारीतसुद्धा, नाहीतर गोठतो.
बाटलीच्या आत बोट लागू देऊ नकोस.
काठोकाठ भरायची नाही.
वर थोडी हवा राहू दे.